सायलेन्सरमधली झडप आणि आंबेनळीचा उतार

महाबळेश्वरहून पोलादपूरला एसटीने उतरलायत कधी? पुढे एखादा जुना मालट्रक असेल तर वळणावळणाला एक आवाज ऐकू येतो. घुर्रर्र... मग जोरात फुस्स. आपल्याला वाटतं, गाडी खटारा झालीय. खरं तर तो आवाज येतोय म्हणजे ड्रायव्हर शहाणा आहे. तो एक्झॉस्ट ब्रेक वापरतोय.

आधी थोडं गणित करू. भरलेला जुना सहाचाकी ट्रक साधारण 16 टनांचा. घाटमाथ्यापासून पोलादपूरपर्यंत तो 1200 मीटरच्या आसपास खाली येतो. अकरावीचं एम-जी-एच आठवा: सुमारे 19 कोटी ज्यूल. एवढ्या उष्णतेत पाचशे लिटरहून जास्त गार पाणी उकळेल! ही सगळी उष्णता चाकांच्या ड्रममध्ये गेली तर लायनर जळतात, करपट वास येतो आणि पाय दाबूनही गाडी थांबत नाही. आंबेनळी, वरंधा किंवा कशेडीच्या जुन्या रस्त्याला असं झालं तर पुढे काय, ते सांगायला नको. कशेडीला आता बोगदा झालाय, पण बाकीचे उतार आहेत तिथेच आहेत.

काम कसं चालतं?

इंजिनाच्या मॅनिफोल्डपुढे, धुराच्या नळीत एक गोल पाकळी असते. स्विच दाबला की हवेचा छोटा सिलिंडर लिव्हर ढकलतो आणि पाकळी नळी अडवते. त्याच वेळी पंपाचं डिझेल तोडलं जातं. धूर बाहेर पडायला वाट नाही, त्यामुळे पिस्टनला जोर लावावा लागतो आणि चाकं मागे ओढली जातात. गाडी न्यूट्रलला असेल किंवा क्लच दाबलेला असेल तर मात्र उपयोग शून्य, कारण इंजिन आणि चाकांचा संबंधच तुटतो.

जुन्या पेट्रोल ट्रकांत अशीच दिसणारी दुसरी झडप असायची. थंड इंजिनात ती गरम धूर कार्बोरेटरच्या खालच्या भागाकडे वळवायची, म्हणजे पेट्रोलची वाफ नीट होई. काम वेगळं, पण दुखणं एकच: काजळी आणि गंज. पोलादपुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ट्रक महिनाभर उभा राहिला की पाकळीचा दांडा जागच्या जागी बसलाच समजा.

दुखणं कसं ओळखायचं?

तक्रारी दोनच असतात. ‘मिस्त्री, उतारावर गाडी धरत नाय’ म्हणजे पाकळी बंद होत नाही. ‘गाडी ओढत नाय, काळा धूर मारते, गरम होते’ म्हणजे पाकळी पूर्ण उघडत नसेल. (अशा वेळी एअर फिल्टर आणि पंपही बघायचे. सगळा दोष झडपेवर ढकलू नका.)

आधी सपाट जागा, चाकांना ठोकळे, इंजिन बंद. नळी पूर्ण गार होऊ द्या, हात भाजायला एक सेकंद पुरतो. मग हवेचं प्रेशर बघून एकाने स्विच दाबायचा आणि दुसऱ्याने लांबूनच लिव्हर बघायचा. तिथे बोट घालायचं नाही, सिलिंडर झटक्यात हलतो.

लिव्हर हलला नाही तर सिलिंडरकडची हवेची नळी सोडून बघा. हवा येत नसेल तर दोष मागे आहे: फ्यूज, स्विच, हवेचा व्हॉल्व्ह किंवा गळकी नळी. हवा येत असेल तर हवा बंद करून दांड्याची पिन काढा आणि लिव्हर हाताने फिरवा. सहज फिरला तर दोषी सिलिंडर. जाम असेल तर दोषी पाकळीचा दांडा. लिव्हर हलतो पण गाडी धरत नाही? मग आतली पाकळी दांड्यावर सैल झालीय, झडपेआधीच्या गास्केटमधून धूर गळतोय किंवा पंपाचं डिझेल तुटत नाहीये. पाकळी मागे येत नसेल तर स्प्रिंगही तपासा.

जाम दांड्याला गंज सोडवणारं तेल सोडा, थांबा, हळूहळू मागेपुढे करा. घणाचे घाव घालू नका, बिडाचं घर तडकतं. साधं ग्रीसही नको, ते जळून पुन्हा काजळीच होते. उष्णता सोसणारं ग्राफाइटचं वंगण लावा. आणि पाकळीतलं बारीक भोक बुजवू नका. दाब हाताबाहेर जाऊ नये म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं.

तारेचा जुगाड

आता खरा मुद्दा. पाकळी अडकली की सोपा उपाय दिसतो: लिव्हर तारेने उघडा बांधून टाकायचा. पाच मिनिटांचं काम. गाडी लगेच ओढायला लागते, मालक खूश. महाडच्या एमआयडीसीपासून माणगावपर्यंत काहीच जाणवत नाही, कारण सपाट रस्त्यावर हा ब्रेक लागतच नाही. जाणवतं ते घाटात, तेही ज्याला तारेबद्दल कुणी सांगितलंच नाही अशा बदली ड्रायव्हरला.

तुमच्यापैकी कुणी आयटीआयला असेल, कुणी लोणेऱ्याच्या विद्यापीठात मेकॅनिकलला, कुणाच्या घरचाच ट्रक असेल. गॅरेजमध्ये उभे राहाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा: तात्पुरती तार बांधावीच लागली तर डॅशबोर्डवर मोठ्या अक्षरात लिहा, ‘एक्झॉस्ट ब्रेक बंद’. ड्रायव्हरला तोंडी सांगा. आणि दुरुस्त होईपर्यंत गाडी भरून घाटात पाठवू नका. मालक कुरकुरेल. कुरकुरू दे.

शेवटी, स्टिअरिंगवर बसणाऱ्यांसाठी जुना नियम. ज्या गिअरमध्ये घाट चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं, आणि तो गिअर उतार लागण्याआधीच टाकायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचं नाही. पुढच्या वेळी एसटीच्या खिडकीतून तो घुर्रर्र आवाज आला तर वैतागू नका. झडप काम करतेय.