हातातला कागद आणि सभागृहातली पंधरा मिनिटे

वाचकहो, क्षणभर अशी कल्पना करा, की आपल्या गावच्या ग्रामसभेत एक वजनदार गृहस्थ उठले. घडी घातलेला कागद हातात धरून ते म्हणाले, "चोरांना सामील असलेल्या गावकऱ्यांची यादी माझ्याजवळ आहे." कागद उघडून मात्र त्यांनी कुणालाच दाखविला नाही. त्या रात्री गावात काय होईल? ज्याचे नाव यादीत असेल तो घाबरेलच, पण ज्याचे नाव नाही तोही घाबरेल. आणि "जरा कागद दाखवा की," असे म्हणणाऱ्यालाच लोक विचारतील, "का हो, तुम्हालाच एवढी काळजी कसली?"

असाच प्रकार अमेरिकेत घडला. ९ फेब्रुवारी १९५० रोजी वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या व्हीलिंग या शहरी जोसेफ मॅकार्थी नावाच्या सिनेटरचे भाषण झाले. सिनेट म्हणजे तिथल्या संसदेचे वरिष्ठ सभागृह. राज्य लहान असो वा मोठे, प्रत्येकाचे दोन सभासद, आणि मुदत सहा वर्षांची. मॅकार्थी हे विस्कॉन्सिन राज्याचे, रिपब्लिकन पक्षाचे सभासद. परराष्ट्र खात्यात कम्युनिस्ट शिरले आहेत आणि त्यांची यादी आपल्या हाती आहे, असे त्यांनी सांगितले. आकडा प्रथम २०५ असा छापून आला, मग ५७ झाला, आणि सिनेटपुढे बोलताना तो ८१ झाला. वास्तविक आकडा असा बदलू लागला, की ऐकणाऱ्याने सावध व्हावे. पण झाले उलटेच.

याला कारण होते. १९४९ साली रशियाने अणुबाँबचा स्फोट घडवून आणला होता आणि चीनमध्ये कम्युनिस्टांचे राज्य आले होते. अमेरिकेत काही खरे हेरही सापडले होते. भीती अगदीच निराधार नव्हती, हे कबूल केले पाहिजे. परंतु एक-दोन साप निघाले म्हणून सारी भुई धोपटत सुटले, की सापापेक्षा माणसांनाच काठ्या अधिक लागतात.

आता तुम्ही विचाराल, की खोटा आरोप केला तर कोर्टात खेचता येत नाही का? इथेच मुद्दा आहे. अमेरिकेच्या घटनेप्रमाणे सभासद सभागृहात जे बोलतो, त्याबद्दल त्याच्यावर बाहेर खटला भरता येत नाही. आपल्याही राज्यघटनेत कलम १०५ अन्वये खासदारांना असे संरक्षण आहे. ते ठेवले आहे चांगल्या हेतूने: लोकप्रतिनिधीने सत्तेला न भिता बोलावे म्हणून. पण राजाची तलवार अडविण्यासाठी दिलेल्या ढालीआडून कुणी वाटसरूंवरच दगड मारू लागला, तर? मॅकार्थींनी तेच केले.

आरोपांची चौकशी करण्यासाठी सिनेटने मेरीलँडचे जुने सभासद मिलार्ड टायडिंग्ज यांची समिती नेमली. आरोपांत तथ्य नाही, असे त्या समितीच्या बहुमताने १९५० च्या जुलैमध्ये सांगितले. त्याच वर्षी टायडिंग्ज निवडणुकीला उभे राहिले. तेव्हा मॅकार्थींच्या माणसांच्या मदतीने निघालेल्या एका प्रचारपत्रात छायाचित्र आले. त्यात टायडिंग्ज हे कम्युनिस्ट पक्षाच्या माजी पुढाऱ्याशेजारी उभे दिसत होते. दोन वेगळी चित्रे कापून ती जोडलेली होती. टायडिंग्ज पडले. पराभवाला आणखीही कारणे होती; परंतु इतर सभासदांनी धडा घेतला तो एवढाच, की या माणसाच्या वाटेला जाऊ नये.

ही भीती सभागृहापुरती राहिली नाही. गुरुजनहो, हे तुम्ही विशेष लक्षात घ्या. मॅकार्थींच्या भाषणाच्या आधीच, १९४९ साली, कॅलिफोर्निया विद्यापीठाने आपल्या अध्यापकांकडून 'आम्ही कम्युनिस्ट नाही' अशी शपथ मागितली होती. ती नाकारली म्हणून ऑगस्ट १९५० मध्ये ३१ अध्यापकांना काढून टाकण्यात आले. ते कम्युनिस्ट असल्याचा आरोपही कुणी केला नव्हता. आमच्या निष्ठेचा दाखला आमचे काम देईल, एवढेच त्यांचे म्हणणे. १९५२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात. इथे तर बरेचसे ओलेच जळत होते.

मग कुणी बोलले की नाही? बोलले. १ जून १९५० रोजी मार्गारेट चेस स्मिथ या सिनेटमध्ये उभ्या राहिल्या. मेन राज्याच्या या बाई सिनेटवर नव्याने आलेल्या, सभागृहातल्या एकट्या स्त्री सभासद, आणि मॅकार्थींच्याच पक्षाच्या. त्या सुमारे पंधरा मिनिटे बोलल्या. मॅकार्थींचे नाव त्यांनी घेतले नाही. टीका करण्याचा, लोकांना न रुचणारे मत बाळगण्याचा, निषेध करण्याचा आणि स्वतंत्र विचार करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, एवढे त्यांनी बजावले. भीती आणि बदनामी यांच्या खांद्यावर बसून आपल्या पक्षाने सत्तेवर येऊ नये, असेही त्या स्वपक्षीयांना म्हणाल्या. त्यांच्या निवेदनाला आणखी सहा सभासदांनीच संमती दिली. मॅकार्थींनी त्या सातजणांची टिंगल केली आणि पुढे बाईंना एका महत्त्वाच्या उपसमितीतून दूर केले. त्यांच्या जागी आले रिचर्ड निक्सन, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले आणि १९७४ साली वॉटरगेट प्रकरणात ज्यांना ते पद सोडावे लागले.

पुढली चार वर्षे मॅकार्थींचे वजन वाढतच गेले. जानेवारी १९५४ मध्ये गॅलप संस्थेने केलेल्या पाहणीत शंभरातल्या ५० जणांचे मत त्यांना अनुकूल होते. मग ९ मार्च १९५४ रोजी एडवर्ड मरो या पत्रकाराने दूरचित्रवाणीवर एक कार्यक्रम सादर केला. त्यात बराचसा भाग मॅकार्थींच्याच भाषणांचा आणि जाबजबाबांचा होता. त्यानंतर मॅकार्थी आणि सैन्यदल यांच्यामधल्या वादाची चौकशी सुरू झाली आणि तीही लोकांना घरबसल्या दिसू लागली. ९ जून रोजी मॅकार्थींनी सैन्याचे वकील जोसेफ वेल्च यांच्या कचेरीतल्या एका तरुण वकिलावर असाच संशय उडविला. तेव्हा वेल्च यांनी सरळ विचारले, की तुमच्यात काही सभ्यता उरली आहे की नाही? प्रेक्षकांनी टाळ्या वाजविल्या. त्या महिन्यात अनुकूल मत ३४ वर उतरले आणि प्रतिकूल ४५ वर चढले.

अखेर २ डिसेंबर १९५४ रोजी सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी मॅकार्थींवर ठपका ठेवला. त्या ६७ मध्ये स्मिथबाईंचे मत होते. रिपब्लिकन मते मात्र निम्मी इकडे, निम्मी तिकडे गेली. सभासदत्व मॅकार्थींकडेच राहिले. पण त्यांचे ऐकणारे उरले नाहीत. २ मे १९५७ रोजी ते वारले.

गोष्ट इथे गोड संपली असे वाटेल. पण ठपका कशाबद्दल ठेवला, ते पाहा. नोकऱ्या गेलेल्या कारकुनांबद्दल, नाव बद्दू झालेल्या शिक्षकांबद्दल नव्हे. मॅकार्थींनी सिनेटच्या समित्यांचा आणि त्यांच्या सभासदांचा अवमान केला, याबद्दल! सभागृहाने आपली अब्रू राखली. ज्यांची अब्रू आधीच गेली होती, त्यांचा हिशेब त्या ठरावात कुठेच नव्हता.

म्हणूनच मला वाटते, राजकारणी माणसाच्या नीतीची राखण केवळ सभागृहावर सोडून चालत नाही. भीतीच्या दिवसांत पुढारी जे बोलतो, त्याला वजन येते ते ऐकणाऱ्यांमुळे. त्या पहिल्या दिवसापासून ठपक्यापर्यंत जवळजवळ पाच वर्षे गेली, आणि तेवढ्यात कितीतरी घरे होरपळली. व्हीलिंगच्या सभेत, त्याच संध्याकाळी, एखाद्याने उठून नम्रपणे म्हणायला हवे होते, "साहेब, तो कागद जरा आम्हालाही वाचू द्या."

वाचकहो, हे वाक्य फार सोपे आहे. आपल्या मुलांना ते शाळेतच शिकवून ठेवू या.