आधी होडीचा वाटा

कामगार संघटनेच्या कामात ज्याचे केस पांढरे झाले, त्याने धंदा कसा तगवावा यावर बोलावे, हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. आम्ही जन्मभर धंदेवाल्यांशी भांडत आलो. शाळा सातवीपुढे झाली नाही; हिशेब शिकलो तो मजुरांच्या हजेरीपटावरून. परंतु मागच्या पावसाळ्यात अलिबागेस आमच्या कचेरीत दोन तरुण व एक तरुणी आली, त्यांनी आपली वही आमच्यापुढे ठेवली, आणि हा प्रश्न आमचाच आहे हे आमच्या ध्यानात आले.

ही मंडळी वेबसाइट तयार करून देतात. नागाव, काशीद, मुरूड, दिवेआगर या किनाऱ्यावर लॉज व घरगुती खानावळी पुष्कळ झाल्या आहेत. त्यांची छायाचित्रे, खोल्यांचे दर व आगाऊ नोंदणीची सोय मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांस घरबसल्या दिसावी, हे यांचे काम. कामाला तोटा नव्हता. वहीत येणे दीड लाखावर होते आणि खोलीचे पुढचे भाडे भरण्याइतके पैसे मात्र हाती नव्हते. दोघे तरुण भागीदार, मुलगी पगारी. "भाऊ, धंदा बंद करावा की कर्ज काढावे?" असे ते विचारीत होते. मुलगी काही बोलत नव्हती. तिचा दोन महिन्यांचा पगार थकला होता.

आम्ही प्रथम दर विचारला. एक वेबसाइट पंधरा हजारांस, असे उत्तर आले. सर्व्हरच्या भाड्यापोटी व इतर किरकोळ खर्चास चार हजार जातात, बाकीचे अकरा हजार नफा! येथेच सारी गफलत होती. मालक म्हणवून घेणाऱ्या या पोरांनी आपली मजुरी खर्चात धरलीच नव्हती. समजा, दोघांना दरमहा वीस-वीस हजार, मुलीस पंधरा, भाडे पाच आणि वीज, इंटरनेट वगैरेस पाच. एकूण ६५,००० झाले. महिन्याचे कामाचे दिवस पंचवीस धरले, तरी गिऱ्हाइकाकडे खेपा, अंदाजपत्रके व वसुली यांत दहा दिवस जातात. विकता येणारे दिवस माणशी पंधरा, तिघांचे मिळून पंचेचाळीस. म्हणजे एका माणसाचा एक दिवस सुमारे १,४५० रुपयांस पडला. एका वेबसाइटला वीस दिवस लागतात असे तेच म्हणाले. तेव्हा मजुरी व भाडेच २९,००० झाले. प्रत्येक कामागणिक हे तरुण पदरचे घालीत होते, आणि जितके काम अधिक तितके ते अधिक बुडत होते.

आमच्या कोळीवाड्यात हा हिशेब कोणास शिकवावा लागत नाही. वाट्यावर चालणाऱ्या होडीत मासळी विकली की आधी डिझेल, बर्फ व शिधा यांचा खर्च काढतात. मग होडीचा व जाळ्यांचा वाटा वेगळा ठेवतात. मग माणसांचे वाटे. होडीचा वाटा खाऊन टाकणारा नाखवा फार दिवस दर्यावर दिसत नाही. या तरुणांच्या होडीला वाटाच नव्हता. उलट गिऱ्हाइकाच्या वेबसाइटच्या नावाचे वार्षिक शुल्कदेखील ते स्वतःच भरीत व मागाहून मागत. ते शुल्क गिऱ्हाइकाने आधी द्यावे आणि नोंदणीही त्याच्याच नावे असावी. पुढचे भांडणही त्यामुळे टळते.

किनाऱ्याची दुसरी अडचण हंगामाची. लॉजमालकाला वेबसाइटची आठवण होते पावसाळ्यात, कारण तेव्हा त्यास सवड असते. पैसा त्याच्या हाती येतो दिवाळीच्या सुट्टीत आणि नाताळात. काम जुलैचे, दाम डिसेंबरचे. त्यातच २०२० सारखे वर्ष यायचे: मार्चमध्ये टाळेबंदी, आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. संपावर जाणाऱ्या कामगाराला आम्ही पहिला प्रश्न विचारतो की घरात किती दिवसांचे धान्य आहे. चरीच्या शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून १९३९ पर्यंत चालला, त्याच्या गोष्टी ऐकतच आम्ही मोठे झालो. धंद्यालाही तीन महिन्यांची बेगमी हवी. वरच्या हिशेबाने ती १,९५,००० होते. ती एकदम साठत नाही. परंतु जुन्या गिऱ्हाइकांपैकी चाळीस जणांनी देखभालीचे वर्षाला सहा हजार दिले, तर २,४०,००० होतात; म्हणजे महिन्याला वीस हजार. एवढ्यात मुलीचा पगार व खोलीचे भाडे निघते, मग नवे काम येवो अगर न येवो.

वसुलीबाबत आमचे मत कडक आहे. मजुराने उचल मागितली तर लाज नाही, मग यांना का असावी? काम धरताना चाळीस टक्के, नमुना दाखवल्यावर चाळीस, आणि वेबसाइट लोकांस खुली करण्यापूर्वी उरलेले वीस. कायदाही पाठीशी आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे लहान उद्योगाचे बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत व करार नसला तर १५ दिवसांत चुकते करावे लागते. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज चढते, आणि दाद मागण्यास सुविधा परिषद आहे. त्यासाठी 'उद्यम' नोंदणी लागते. तिला पैसे पडत नाहीत, मात्र ती काम घेण्यापूर्वीच करून ठेवावी. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकरात अशी तरतूद झाली की सूक्ष्म व लघु उद्योगाचे देणे मुदतीत न दिल्यास, ते प्रत्यक्ष देईपर्यंत देणेकऱ्यास तो खर्च वजा मिळत नाही. मोठ्या रिसॉर्टच्या हिशेबनिसाला हे कलम दाखवले की तो चट्‌कन जागा होतो.

दोन खोल्यांच्या लॉजवाल्या विधवा बाईवर मात्र हे हत्यार उपसू नये. तिच्याशी आम्ही स्वतः बोललो; तिने दरमहा हजाराचा हप्ता बांधून घेतला आणि आजवर एकही चुकवलेला नाही.

कर्ज त्यांनी काढले नाही. आमच्या सांगण्यावरून आधी मुलीचा थकलेला पगार दिला; त्यासाठी एका भागीदाराने मोटरसायकल विकली, व त्याबद्दल तो आमच्यावर थोडा रागावलेलाही आहे. नवा दर ऐकून चार गिऱ्हाइके सोडून गेली, त्यांतली दोन परत आली. एका मोठ्या रिसॉर्टकडचे पैसे अजून यायचे आहेत. परिषदेकडे द्यावयाचा अर्ज मुलीने लिहून आणला आहे, तो आमच्या टेबलावर आहे.