दारूचं दुकान बंद करायला किती सह्या लागतात? ‘आडवी बाटली’चा नियम आणि साकीनाक्याचं गणित

समजा, साकीनाक्याच्या खैरानी रोडलगतच्या एखाद्या वस्तीत दारूचं दुकान आहे. संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या बायकांना तिथल्या गर्दीतून वाट काढावी लागते. घरातला पगार घरी पोहोचण्याआधीच तिथे संपतो. नगरसेवकाला निवेदन देऊन झालं, पोलिसांना सांगून झालं. पण दुकानाकडे परवाना आहे, त्यामुळे ते कायदेशीर आहे. मग पुढे काय?

महाराष्ट्रात या प्रश्नाला एक उत्तर आहे. लोकांनी सह्या गोळा करायच्या, सरकारने मतदान घ्यायचं आणि त्या मतदानावर दुकानाचं भवितव्य ठरायचं. यालाच ‘उभी बाटली, आडवी बाटली’ म्हणतात. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही आपलं मत देता यावं, इतकी ही खूण सोपी आहे.

खूण सोपी असली, तरी सह्यांचा आणि मतांचा हिशेब मात्र सोपा नाही.

हा अधिकार आला कुठून?

राज्यघटनेच्या कलम ४७ मध्ये मादक पेयांच्या सेवनावर बंदी आणण्यासाठी राज्याने प्रयत्न करावेत, असं मार्गदर्शक तत्त्व आहे. राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. नाव दारूबंदीचं असलं, तरी याच कायद्याखाली दारूविक्रीचे परवानेही दिले जातात. लोकांच्या मागणीवरून असा परवाना बंद कसा करायचा, याची पद्धत २००८ च्या शासन आदेशाने ठरवून दिली. हा आदेश गावांना लागू आहे, तसाच शहरातल्या प्रभागांनाही.

सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यात महिलांनी याच मार्गाने दुकानं बंद करून दाखवली. चंद्रपूरची गोष्ट वेगळी आहे. तिथे २०१५ मध्ये अख्ख्या जिल्ह्यात दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये ती उठली. हे दोन्ही निर्णय सरकारने घेतले होते, मतपेटीतून आले नव्हते. आडव्या बाटलीचा विषय एका गावापुरता किंवा एका प्रभागापुरता असतो.

पहिली पायरी: २५ टक्के सह्या

गावातल्या किंवा प्रभागातल्या एकूण महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के महिलांनी, किंवा एकूण मतदारांपैकी किमान २५ टक्के मतदारांनी लेखी मागणी करावी लागते. दोन्हींपैकी एक मार्ग निवडता येतो. बहुतेक ठिकाणी महिलांचा मार्ग निवडला जातो. एक तर दुकानाचा सर्वाधिक त्रास त्यांनाच होतो, आणि दुसरं म्हणजे सह्यांची संख्या साधारण निम्मी होते.

पण नुसती सही पुरत नाही. राज्य उत्पादन शुल्क विभाग सह्यांची पडताळणी करतो. इथेच अनेक अर्ज अडकतात. कारणं साधी असतात:

• सही करणारीचं नाव त्या प्रभागाच्या मतदार यादीत नसतं.
• एकाच बाईची सही दोन कागदांवर होते.
• घरातल्या एकीने सगळ्यांच्या सह्या केलेल्या असतात.
• पडताळणीच्या दिवशी ओळखपत्र घेऊन यायचं असतं, आणि नेमकी त्या दिवशी कामाची सुट्टी मिळत नाही.

म्हणून गोळा केलेल्या सह्या आणि टिकलेल्या सह्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ५,००० सह्या लागणार असतील, तर ५,००० वर थांबणं धोक्याचं ठरतं.

‘वॉर्ड’ नेमका कोणता?

मुंबईत हा प्रश्न हमखास पडतो. साकीनाक्याचा माणूस ‘आमचा एल वॉर्ड’ म्हणतो, तेव्हा तो कुर्ल्याच्या पालिका कार्यालयाचा प्रशासकीय वॉर्ड असतो. त्यात नगरसेवकांचे अनेक प्रभाग येतात. मुंबई महापालिकेत असे २२७ निवडणूक प्रभाग आहेत. सह्यांसाठी मोजायचा असतो तो हा छोटा प्रभाग, ज्याची स्वतंत्र मतदार यादी असते.

आता दुकान रस्त्याच्या एका बाजूला आणि त्रास होणारी चाळ दुसऱ्या बाजूला, दुसऱ्या प्रभागात असेल, तर त्या चाळीतल्या सह्या मोजल्या जाणार नाहीत. साकीनाका, जरीमरीसारख्या भागात आणखी एक अडचण येते. भाड्याने राहणाऱ्या कित्येक कुटुंबांची नावं अजून गावच्या यादीत असतात. दुकानासमोर दहा वर्षं राहिलेली बाईही मग या हिशेबात नसते. त्यामुळे मोहिमेचं पहिलं काम सह्यांचं नसून मतदार यादीत नावं नोंदवण्याचं असतं.

दुसरी पायरी: मतदान आणि मोठी अट

सह्या टिकल्या की जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने गुप्त मतदान घेतलं जातं. साकीनाक्यासाठी हे काम मुंबई उपनगर जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येतं.

या मतदानात आडव्या बाटलीला उभ्या बाटलीपेक्षा जास्त मतं मिळणं पुरेसं नाही. यादीतल्या एकूण मतदारांपैकी ५० टक्क्यांहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. मतदान फक्त महिलांचं असेल, तर एकूण महिला मतदारांच्या ५० टक्क्यांहून जास्त. म्हणजे जी घरी बसली, तिचं मत प्रत्यक्षात दुकानाच्या बाजूने धरलं जातं.

गावात हे जमू शकतं. यादीत १,२०० महिला असतील, तर ३०० सह्या आणि ६०१ मतं लागतात. गावात सगळ्या एकमेकींना ओळखतात आणि मतदानाची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर असते.

आता मुंबईचा हिशेब बघू. जानेवारी २०२६ च्या पालिका निवडणुकीत शहरात सुमारे १ कोटी ३ लाख मतदार होते, त्यांपैकी सुमारे ४८ लाख महिला. २२७ प्रभागांत भागले, तर एका प्रभागात सरासरी २१ हजार महिला मतदार येतात. म्हणजे सह्या हव्यात सुमारे ५,२५०, आणि आडव्या बाटलीला मतं हवीत १०,५०० हून जास्त.

त्या निवडणुकीत शहरातलं मतदान होतं साधारण ५३ टक्के. पक्ष, प्रचार, गाड्या, सुट्टी, सगळं असूनही इतकंच. दारूच्या दुकानाच्या मतदानालाही महिला याच प्रमाणात आल्या असं धरलं, तर सुमारे ११,१०० मतं पडतील. त्यांपैकी १०,५०० हून जास्त मतं एकाच बाजूला लागणार, म्हणजे दर १०० मतांमागे जवळपास ९५. ९० टक्के महिलांनी बंदच्या बाजूने मत दिलं, तरीही दुकान चालूच राहील.

टक्के कशाचे, हे आधी विचारा

मार्च २०२५ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत सांगितलं, की गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात नवं दारूचं किंवा बिअरचं दुकान उघडायचं असेल, तर सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल. महापालिका प्रभागातल्या मतदानासाठी त्यांनी ७५ टक्क्यांचा निकषही सांगितला.

ऐकताना ७५ हा आकडा ५० पेक्षा कठीण वाटतो. पण तो कशाचा आहे यावर सगळं अवलंबून असतं. झालेल्या मतांच्या ७५ टक्के धरले, तर ११,१०० मतांपैकी ८,३२५ पुरतात. एकूण यादीच्या ५० टक्के धरले, तर १०,५०० लागतात. म्हणून कागद घेऊन दारोदार फिरण्याआधी राज्य उत्पादन शुल्कच्या अधीक्षक कार्यालयातून सध्या लागू असलेल्या आदेशाची प्रत मागून घेणं शहाणपणाचं आहे.

जगात काय पद्धत आहे?

स्वित्झर्लंडमध्ये राज्यघटनेत बदल सुचवण्यासाठी १८ महिन्यांत १ लाख सह्या लागतात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात नागरिक नवा कायदा सुचवू शकतात. त्यासाठी गव्हर्नरपदाच्या मागच्या निवडणुकीत पडलेल्या मतांच्या ५ टक्के सह्या, तर राज्यघटना बदलायची असेल तर ८ टक्के. मुदत १८० दिवसांची. मतदानात मात्र झालेल्या मतांचं बहुमत मोजलं जातं, घरी बसलेल्यांना कुठल्याच बाजूला धरत नाहीत.

भारतात सह्या गोळा करून कायदा मतदानाला टाकण्याची सोय नाही. १६ जानेवारी १९६७ चा गोव्याचा जनमत कौल संसदेने केलेल्या कायद्यानुसार झाला होता. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर ‘फूल’, नसेल तर ‘दोन पानं’, अशी तेव्हाची चिन्हं होती. त्या पार्श्वभूमीवर आडवी बाटली वेगळी ठरते. इथे मतदान मागण्याची सुरुवात लोक स्वतः करतात.

हा नियम कुठे थांबतो?

हे मतदान परवानाधारक दुकानापुरतं आहे. हातभट्टीला परवानाच नसतो, त्यामुळे तिच्यावर मतदानही होत नाही. ते काम पोलिसांचं आणि उत्पादन शुल्क विभागाचं. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून जास्त बळी घेतले. परवान्याचं दुकान बंद झाल्यावर शेजारी गुत्ता उघडणार नाही, याकडेही वस्तीला लक्ष ठेवावंच लागतं.

खैरानी रोडच्या त्या बायकांसाठी म्हणूनच कामाचा क्रम असा आहे: आधी प्रभागाची हद्द पाहायची, मग मतदार यादी मिळवायची, राहिलेल्या नावांची नोंदणी करायची आणि त्यानंतर सह्या, त्याही गरजेपेक्षा भरपूर जास्त. आणि मतदानाच्या दिवशी एकीनेही घरी राहायचं नाही. कारण या मतदानात गैरहजेरी म्हणजे उभी बाटली.