पडद्याचा कडता

वहीचं पहिलं पान जानेवारी 2023 चं आहे. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, पडद्याचा आकडा, वहीचा आकडा आणि शेरा, असे सात रकाने मी पट्टीनं आखले होते. गाडी शिरड शहापुरात येऊन आठवडाही झाला नव्हता. पोरगं पुण्याहून आलेलं. ते म्हणालं, "बाबा, ही हायब्रिड आहे. ॲव्हरेज ती स्वतःच पडद्यावर सांगते. वही कशाला?" मी काही बोललो नाही. माझे वडील वसमतच्या मोंढ्यात अडतीवर लिखापढी करत. माल काट्यावर घातल्याशिवाय त्यांनी वजन कधी लिहिलं नाही, मग सांगणारा सख्खा भाऊ का असेना.

आज तीन वर्षांची पानं उलटून बघताना वाटतं, त्या दिवशी पोरगंही पुरतं चुकलेलं नव्हतं आणि मीही पुरता बरोबर नव्हतो.

ॲव्हरेज काढण्याची खोड आपल्याकडं हायब्रिडपेक्षा फार जुनी. 1972 ला लूना आली, 1985 ला हीरो होंडाची सीडी 100 आली, आणि गावोगावच्या कट्ट्यांवर 'किती देते?' हा प्रश्न 'काय चाललंय?'च्या जागी बसला. त्या गाड्यांना पेट्रोलचा काटा बहुधा नसायचाच. टाकीचं झाकण उघडून गाडी हलवायची, आवाज ऐकायचा, फार तर काडी घालून बघायची. हिशोब रिझर्व्ह ते रिझर्व्ह चाले. गाडी रिझर्व्हला लागली की मोजून लिटरभर टाकायचं आणि परत रिझर्व्हला लागेपर्यंत किती किलोमीटर पडले ते बघायचं. शंका आलीच तर मेकॅनिक हँडलला सलाईनसारखी बाटली टांगायचा, तिच्यात शंभर मिली पेट्रोल, आणि गाडी बंद पडेपर्यंत चालवायची. तेल संपलं तिथं हिशोब संपला. इतकी स्वच्छ मोजणी मी त्यानंतर कुठं पाहिली नाही.

हायब्रिडचं नाव मात्र आमच्याकडं उशिरा पोचलं. जपानात टोयोटाची प्रियस 1997 च्या डिसेंबरात विकायला आली. भारतात होंडानं 2008 मध्ये सिव्हिक हायब्रिड आणली, 2010 मध्ये प्रियस आली. पण किमती अशा की आमच्यासारख्यानं फोटोच बघावा. खरी सुरुवात 2022 ची. मे महिन्यात होंडा सिटीची हायब्रिड आली, सप्टेंबरात मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर. त्या जोडीच्या जाहिरातीत लिटरला 27.97 किलोमीटर असा आकडा होता. दोन दशांश स्थळांपर्यंतचा आकडा दिसला की मला सराफाचा तराजू आठवतो. तो आकडा सरकारमान्य चाचणीतून येतो. पुण्यात वेताळ टेकडीवरची, 1966 साली स्थापन झालेली एआरएआय ही त्या कामाची जुनी संस्था. गाडी तिथं जागच्या जागी फिरणाऱ्या रुळांवर, ठरलेल्या वेगानं, वीस मिनिटांच्या आसपास चालते. एसी बंद, वेग नव्वदच्या वर जात नाही. त्या रुळांवर ना औंढ्याचा चढ, ना मेचं ऊन, ना मागच्या सीटवर लग्नाला निघालेली चार माणसं. अमेरिकेतही चाचणीचा आकडा असाच रस्त्यावर टिकत नव्हता. 2008 च्या मॉडेलपासून तिथल्या सरकारनं चाचणीची रीत बदलली आणि प्रियसचा एकत्रित आकडा गॅलनला 55 मैलांवरून 46 वर आला. गाडी तीच होती.

तेव्हा कंपनीच्या आकड्याशी माझं भांडण नव्हतंच. मला बघायचा होता तो पडदा.

पहिल्या सहा महिन्यांचे शेरे वाचले की हसू येतं. 'आज 41!!' असं एके ठिकाणी आहे, दोन उद्गारचिन्हांसकट. मल्लिनाथाच्या मंदिरापर्यंत पाहुण्यांना सोडून आलो होतो. जेमतेम अंतर, बॅटरी भरलेली, इंजिन क्वचितच लागलं. दुसऱ्याच दिवशी त्याच रस्त्यावर 14. मी घाबरलो, पोराला फोन केला. झालं एवढंच होतं की काल बॅटरीतून उसनं घेतलेलं इंजिनानं आज फेडलं. पडदा फक्त पेट्रोल बघतो; बॅटरीतली देणी-घेणी त्याच्या खात्यावर नसतात. पण ही उधारी किती? ग्रँड व्हिटाराच्या हायब्रिडची बॅटरी पाऊण युनिटची. लिटरभर पेट्रोलमध्ये नऊ युनिटांच्या आसपास ऊर्जा असते. म्हणजे टाकीच्या हिशोबात ही उधारी चहापाण्याच्या खर्चाएवढी. छोट्या फेरीत तीच डोंगराएवढी दिसते. त्यानंतर मी एका फेरीचा आकडा लिहिणं सोडलं.

टाकी ते टाकी लिहू लागलो तेव्हा दुसरी गोष्ट पुढं आली. पडद्याचा आकडा दर खेपेला वहीपेक्षा थोडा वर. वहीत वीस निघाले की पडदा एकवीसच्या आसपास म्हणणार. कधी जास्त, कधी कमी, पण माप झुकायचं एकाच बाजूला.

कारण समजायला मला वर्ष लागलं. इंजिनाला जाणारं पेट्रोल मोजणारा काटा गाडीत नाहीच. इंजेक्टर म्हणजे बारीक तोंडाची तोटी. ती किती क्षण उघडी राहिली हे गाडीतल्या संगणकाला माहीत असतं, आणि एवढ्या वेळात एवढं तेल जातं या ठरीव मापानं तो गुणाकार करतो. मोंढ्यात जुना हमाल हळदीचा कट्टा पाठीवर घेताच वजन सांगायचा. फार चुकायचा नाही, पण चुकला की त्याच बाजूला चुकायचा. संगणक तसाच. मोंढ्यात अशा ठरलेल्या फरकावर कडता कापतात; बारदान, ओल, माती यांच्यापायी वजनातून थोडं वजा. त्या कडत्यावरून शेतकऱ्यांनी किती भांडणं केली ते वडील सांगायचे. मी पडद्यावर कडता लावला, विसाला एक. तेव्हापासून पडद्याचा राग गेला.

मग वही खरी का? तिचीही पंचाईत आहे. नोझल कट झालं म्हणजे टाकी भरली, असं आपण धरतो. पण तेच नोझल एका पंपावर लवकर कट होतं, दुसरीकडं उशिरा. जमीन थोडी कलती असली तरी फरक पडतो. वीस लिटरच्या खेपेत अर्ध्या लिटरची गडबड म्हणजे अडीच टक्के. म्हणून माझ्या वहीत लागोपाठच्या दोन खेपांत मोठी उडी दिसते, पडद्यावर ती दिसत नाही. एका खेपेपुरता पडदाच जास्त भरवशाचा, हे लिहिताना हात जड होतो. पण वहीची चूक साठत नाही. आज अर्धा लिटर कमी भरलं तर पुढच्या खेपेला तेवढं जास्त बसतं. हजार लिटर होईपर्यंत उरते फक्त पहिल्या आणि शेवटच्या भरण्याची चूक. पडद्याची चूक मात्र हजार लिटरनंतरही तेवढीच.

एक चूक तर निव्वळ माझी. पहिल्या वर्षाच्या शेवटी मी प्रत्येक खेपेचे आकडे बेरजेला घेऊन खेपांच्या संख्येनं भागले आणि पोराला ऐटीत सांगितलं. तसं करायचं नसतं. 240 किलोमीटर 24 नं गेलो तर दहा लिटर लागतात, पुढचे 240 किलोमीटर 16 नं गेलो तर पंधरा. मिळून 480 किलोमीटरला 25 लिटर, म्हणजे 19.2, मी काढलं असतं वीस. एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर, बस्. वडिलांनी हे बघितलं असतं तर त्या रात्री मला जेवण गोड लागलं नसतं.

पंपावरच्या मापाबद्दल आमच्याकडं जेवढं बोललं जातं तेवढं दुसऱ्या कशाबद्दल नाही. पाच लिटरचं शासकीय माप मागवून खात्री करण्याचा ग्राहकाला हक्क आहे आणि त्यात 25 मिलीपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे अर्धा टक्का. मी दोनदा मागितलं. दोन्ही वेळा माप ठीक निघालं आणि मागं थांबलेल्यांचे चेहरे बघवेनात. पहाटे भरलं की जास्त मिळतं, हेही ऐकून होतो. दहा अंशांनी पेट्रोल टक्काभर फुगतं हे खरं, पण पंपाची टाकी जमिनीखाली असते; तिला पहाट आणि दुपार सारखीच.

एवढा काटेकोरपणा का, याचं उत्तर रुपयांच्या रकान्यात आहे. ज्यातून 1999 मध्ये आमचा हिंगोली जिल्हा निघाला ते परभणी महाराष्ट्रात महाग पेट्रोलसाठी गाजलेलं. मनमाडच्या डेपोतून टँकर यायचा, वाहतुकीचा खर्च वाढायचा. 2018 च्या सप्टेंबरात तिथं पेट्रोल नव्वदीपार गेलं, 2021 च्या मेमध्ये शंभरीपार. ती बातमी वाचणारा माणूस अर्धा किलोमीटरही सोडत नाही.

हायब्रिड ही शहराची गाडी, असं सगळे म्हणाले होते. सिग्नलला थांबा, ब्रेक लावा, बॅटरी भरा. "आपल्या इकडं ट्रॅफिक कुठंय, काका?" असं शेजारचा पोऱ्या म्हणाला होता. वहीनं त्याला उत्तर दिलं. नोव्हेंबर ते मार्च शेऱ्यात 'ऊस' असा शब्द पुन्हा पुन्हा आहे. वसमतच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागं गाडी रांगते, इंजिन झोपतं, बॅटरी चालवते, आणि वैतागात ॲव्हरेज मात्र वाढतं. मोकळ्या रस्त्यावर ऐंशीनं गेलो त्या खेपा कमी निघाल्या.

तोच ऊस पुढं टाकीत आला. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल 2023 च्या फेब्रुवारीत सुरू झालं आणि 2025 पर्यंत पंपोपंपी पोचलं. इथेनॉल मक्यापासून, तांदळापासूनही होतं, पण आमच्या डोळ्यापुढं ऊसच. इथेनॉलच्या लिटरमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शानं कमी. दहा टक्क्यांच्या मिश्रणावरून विसावर गेलं की हिशोबानं तीन-चार टक्के कमी पडायला हवेत. माझे आकडे खाली आले, पडद्याचे आणि वहीचेही. पण सगळा दोष इथेनॉलच्या माथी मारायला वही मला मदत करत नाही. त्याच महिन्यांत एसी सुरू झाला होता, आणि त्याच महिन्यांत मी टायर बदलले.

टायरांचं प्रकरण सगळ्यात शेवटी ध्यानात आलं. किलोमीटर मोजले जातात चाकाच्या फेऱ्यांवरून. नवीन टायरची नक्षी आठेक मिलिमीटर खोल असते. झिजून ती दीडवर आली की चाक लहान होतं, त्याच अंतराला जास्त फेऱ्या घेतं आणि मीटर दोनेक टक्के जास्त दाखवतो. पडदाही तोच मीटर वाचतो, वहीही. तीन वर्षं मी दोघांत भांडण लावत होतो आणि किलोमीटर दोघांनी एकाच घरून आणलेले होते. नवीन टायर पडल्यावर मी फोनवरच्या नकाशाशी अंतर ताडून बघितलं, तेव्हा मागच्या वर्षाची पानं लाल शाईनं दुरुस्त करावी असं मनात आलं.

पेन उचललंही होतं. वडिलांच्या वह्यांत खाडाखोड नसायची; चूक सापडली की ती तशीच ठेवून, सापडली त्या तारखेला खाली नवी नोंद. मी मागचं काही खोडलं नाही. त्या दिवसाच्या शेऱ्यात लिहिलं, 'चारी टायर नवीन. मागील किलोमीटर थोडे जास्त धरले गेले आहेत.'

पोरगं आता फोनवर विचारतं, "बाबा, या वेळी किती पडलं?" मी दोन्ही आकडे सांगतो.