सर्चमध्ये आत्या का सापडत नाही? खेळाडू बायकांचे जुने फोटो जपताना नावाची भानगड

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियांका इंगळेच्या टीमने फायनलमध्ये नेपाळला ७८-४० ने हरवलं. त्याचे व्हिडिओ आज क्षणात मिळतात. आमच्या रत्नागिरीच्या ऐश्वर्या सावंत, अपेक्षा सुतार यांची नावं टाका, बातम्या येतात. आता १९७१ चा खो-खोचा अर्जुन पुरस्कार मिळालेल्या अचला देवरे यांचं नाव टाकून बघा. मला तरी मुख्यतः पुरस्कारांच्या याद्याच दिसल्या. मग नुसत्या जिल्ह्याकडून खेळलेल्या मुलींचं काय?

ही गत आपल्याकडेच आहे असं नाही. ब्रिटनच्या महिला रग्बी लीग टीमने १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात जाऊन मालिका जिंकली होती, पण तिथल्या हॉल ऑफ फेममध्ये पहिल्या बायका आल्या थेट २०२२ मध्ये.

फोटो, कात्रणं, सर्टिफिकेटं घरात असतात. मोठी अडचण नावाची आहे. माझ्या आत्याच्या सर्टिफिकेटवर 'कु.' आणि माहेरचं आडनाव आहे. आधार कार्डावर आडनाव वेगळं, आणि लग्नात नाव बदलल्यामुळे पहिलं नावही वेगळं! ही एकच बाई आहे हे गूगलला कळणार कसं? काकाला हा प्रॉब्लेम कधी आलाच नाही.

दुसरी भानगड तारखेची. जुन्या फोटोचा तुम्ही आज मोबाईलने फोटो काढलात की फाईलमध्ये आजची तारीख बसते. १९७८ ची मॅच गॅलरीत कालच्या मिसळपावशेजारी जाऊन बसते. गूगल फोटोजमध्ये तारीख बदलता येते, वर्णनही लिहिता येतं. पण ते बदल गूगल फोटोजपुरते असतात. फोटो डाउनलोड करून दुसरीकडे टाकला की फाईलसोबत जातीलच असं नाही. म्हणून मी सगळं फाईलच्या नावातच लिहितो: आधी वर्ष, मग स्पर्धा, मग माहेरचं नाव, मग सासरचं. नाव लांबलचक होतं, होऊ दे.

फोटो काढताना फ्लॅश बंद. खिडकीजवळच्या उजेडात, मोबाईल फोटोला समांतर धरून. कोकणातल्या दमट हवेने फोटो फ्रेमच्या काचेला किंवा अल्बमच्या पानाला चिकटलेला असेल तर ओढू नका, आहे तसाच काढा. मागची बाजूही घ्या, तिथे स्टुडिओचा शिक्का किंवा पेनने लिहिलेली नावं असतात. पेपरचं कात्रण असेल तर पेपरचं नाव आणि तारीख शोधा. कापताना नेमकं तेच कापलं जातं! पाठच्या जाहिरातीवरूनसुद्धा कधीकधी अंदाज येतो.

मग व्हॉइस रेकॉर्डर चालू करा आणि तिलाच विचारा, "डावीकडून कोण कोण गं?" हे रेकॉर्डिंग फोटोच्याच नावाने सेव्ह करा. टीममधल्या बाकीच्या मुलींची नावं बहुतेक वेळा फक्त तिलाच माहीत असतात. हे काम पुढच्या गणपतीवर ढकलू नका.

घरच्या ग्रुपवर फोटो टाकताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा पाठवला तर व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि मागच्या रांगेतले चेहरे पुसट होतात. एक कॉपी क्लाउडवर, एक पेनड्राइव्हवर. गूगल खातं दोन वर्षं कुणी वापरलंच नाही, तर कंपनी ते डेटासकट डिलीट करू शकते, हेही ध्यानात ठेवा.

विकिपीडियावर टाकायचं मनात असेल तर दोन गोष्टी. आत्याची आठवण तिथे पुरावा म्हणून चालत नाही, छापील बातमी चालते. म्हणून ते कात्रण सोन्याचं. आणि फोटोचा हक्क सहसा तो काढणाऱ्याचा असतो, मोबाईलने कॉपी केली म्हणून तो तुमचा होत नाही. फोटोतल्या बायकांनाही आधी विचारा.

विकिडेटा या विकिपीडियाच्या भावंडाची एक सोय मात्र मला फार आवडते. तिथे एका व्यक्तीच्या नोंदीला कितीही पर्यायी नावं जोडता येतात. माहेरचं, सासरचं, इंग्रजी स्पेलिंगचे दोन-तीन प्रकार, सगळं. यातलं कुठलंही नाव विकिडेटावर शोधलं तरी त्याच बाईची नोंद उघडते. राष्ट्रीय स्पर्धा खेळलेली, पेपरात नाव आलेली कुणी तुमच्या वाडीत असेल, तर सुरुवात तिच्यापासून करा. आधी एवढंच विचारा: सर्टिफिकेटवर तुमचं नाव काय लिहिलंय?