पवनीचा घाट आणि 4×5ची चौकट

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला वैनगंगेचं पात्र रुंद, घाटाच्या पायऱ्या लांबलचक. 4×5 इंची लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्याची चौकट मात्र चौरसाच्या जवळची. नदी मांडली की वर आभाळच आभाळ, आणि आमच्याकडचं उन्हाळ्यातलं आभाळ म्हणजे कोरा कागद! मग ग्राउंड ग्लासवर पेन्सिलीने 2×5 इंचांचा पट्टा आखायचा. क्रॉप फोटोआधीच ठरतो. ही फिल्म 35 एमएमच्या सुमारे 13 पट, त्यामुळे निम्मी कापली तरी भरपूर उरते. कॉन्टॅक्ट प्रिंट काढणाऱ्यांचा हिशेब वेगळा, तिथे प्रिंट निगेटिव्हएवढाच.

पवनीच्याच किल्ल्याच्या दरवाजाला मात्र कात्री नकोच. कॅमेरा वर झुकवला की भिंती आत कलतात. त्याऐवजी तो सरळ ठेवून लेन्सबोर्ड वर सरकवायचा, म्हणजे राइज. खालची मोकळी जमीन जाते, कमान पूर्ण येते. काचेवर सगळं उलटं दिसतं, हा मला तर फायदाच वाटतो: दरवाजा विसरून उजेड-सावलीचे तुकडे तेवढे जुळवता येतात.

फक्त लेन्सचं इमेज सर्कल पुरेसं मोठं हवं. जुन्या लेन्सवर राइज जास्त झाला की कोपरे काळे पडतात, आणि तिथे कापण्यावाचून इलाज नाही.