राज्य आणि माणूस (भाग ६) : पगडीची फिर्याद कोणी करायची?

पंचवटीतून गोदावरी ओलांडली की जुन्या नाशकात विजयानंद थिएटर. २१ डिसेंबर १९०९ रोजी तिथे अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या आणि खटल्याचे धागे भगूरच्या सावरकरांपर्यंत पोचले. मार्सेलिसची उडी मराठी मुलांना शाळेपासून पाठ असते. त्यानंतर हेगच्या लवादापुढे काय झाले, ते थोड्यांनाच ठाऊक. ८ जुलै १९१० ला फ्रेंच भूमीवर पोचलेला कैदी ब्रिटिशांच्या हवाली केला गेला, म्हणून फ्रान्सने तो परत मागितला. २४ फेब्रुवारी १९११ च्या निवाड्याने अटकेत अनियमितता झाल्याचे मान्य केले, पण कैदी परत देण्याचे बंधन ब्रिटनवर नाही असे ठरवले. या वादात सावरकर पक्षकार नव्हतेच. प्रश्न फ्रान्सच्या सार्वभौमत्वाचा होता. परदेशातल्या शिखांविषयी सरकारे जे बोलतात, तेही याच चालीने बोलतात, असे माझे म्हणणे आहे.

फ्रान्सचेच घ्या. मार्च २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हांना बंदी आली आणि केस्की (लहान पगडी) बांधणाऱ्या शीख मुलांना शाळेतून काढले गेले. २००८ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी हा विषय राष्ट्राध्यक्ष सार्कोझींकडे काढला. स्वतः पगडीधारी पंतप्रधानांनी काढलेला विषय, तरी उत्तर मिळाले ते एवढेच की नियम सर्वांना सारखा. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला पॅरिसमध्ये अणुसहकार्याचा करार झाला. त्यात गैर काही नाही. पण पगडीसाठी तो करार कोणी अडवून धरणार नव्हते, हे दोन्ही बाजूंना माहीत होते. जे काही हलले ते दुसऱ्याच दारी. निवास परवान्यासाठी पगडी उतरवून फोटो द्यायला नकार देणारे वृद्ध रणजित सिंग आणि शाळेतून काढलेला बिक्रमजित सिंग हे स्वतःच संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे गेले. २०११ आणि २०१२ मध्ये समितीने दोघांच्या बाजूने मत दिले. रणजित सिंग तर भारतातून आलेले निर्वासित. त्यांची कैफियत भारत सरकारने मांडावी, ही अपेक्षाच चमत्कारिक ठरली असती.

यावर कोणी म्हणेल, समितीच्या मताला दात कुठे आहेत? खरे आहे. शाळांतली बंदी कायम राहिली, आणि युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तशाच तक्रारी २००९ मध्ये दाखल करून घ्यायलाही नकार दिला होता. तरीही एका माणसाच्या तक्रारीवर फ्रान्सला लेखी उत्तर द्यावे लागले, आणि निष्कर्ष त्याच्या नावाने नोंदला गेला. शिखर बैठकीतल्या चर्चेतून तेवढेही हाती लागत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: शांतपणे केलेली रदबदली जीव वाचवते. मार्च २०२० मध्ये काबूलच्या गुरुद्वारात २५ जण मारले गेले. त्यानंतर अफगाण शिखांना भारतात आणता आले ते व्हिसा आणि विमानांमुळे, कुठल्या समितीमुळे नव्हे. हे मान्यच करायला हवे. मात्र तिथे भारताचे हित आणि त्या माणसांचे हित एकाच दिशेला होते.

ते विरुद्ध दिशांना जातात तेव्हा काय होते, हे स्कॉटलंडच्या जगतार सिंग जोहल यांच्या प्रकरणात दिसते. पंजाबातल्या हत्यांच्या खटल्यांत नोव्हेंबर २०१७ मध्ये जालंधरला त्यांना अटक झाली. छळाचा आरोप भारताने नाकारला. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाने ही कैद मनमानी ठरवली. लंडन हा विषय काढत राहिले, व्यापार कराराची बोलणीही चालू राहिली. मार्च २०२५ मध्ये मोग्याच्या न्यायालयाने त्यांना एका खटल्यातून निर्दोष सोडले. बाकीचे खटले उभेच होते. १९८५ च्या कनिष्क विमानातले ३२९ बळी आठवणाऱ्या देशाने खलिस्तानी हिंसेबद्दल कठोर असावे, हे रास्तच. पण आरोप जितका गंभीर, तितका खटला वेळेत उभा राहायला हवा. मग रणजित सिंगांसारखे जोहल मानवी हक्क समितीकडे का गेले नाहीत? नागरी व राजकीय हक्कांचा करार भारताने १९७९ मध्येच स्वीकारला, पण व्यक्तीला तक्रारीचा हक्क देणारा त्याचा जोडकरार भारताने स्वीकारलेला नाही, आणि ब्रिटननेही नाही.